मेडशीहून न आलेले लुगडे

सुगंधाबाई,

तुम्हाला पांढऱ्या धोतरात नेले. डोक्यावर टोपी होती, कपाळावर बुक्का होता आणि केस न्हावी बोलावून कापून घेतलेले होते. तुम्ही ते पाहू शकल्या नाहीत, म्हणून मुख्य मुद्दा सुरुवातीलाच मांडतो. मालेगावच्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मी उभी हयात लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे, आणि वाचणाऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत ताटकळत ठेवू नये अशी माझी शिस्त आहे. तुम्ही आपल्या माणसांकडे मागितलेली एकमेव गोष्ट तुम्हाला मिळाली नाही. मेडशीहून, तुमच्या माहेरून, लुगडे आले नाही.

बाई वारली की तिच्या माहेरचे लुगडे येते, भाऊ ते आपल्या हाताने तिच्या अंगावर घालतो आणि मगच तिला उचलतात. सासरच्यांनी कितीही भारी नेसवलेले असो, सर्वांत वरचे लुगडे माहेरचे असते. ही रीत तुम्ही मला एकदा इतक्या बारकाईने समजावून सांगितलीत, जणू मी परमुलखातून आलेला इसम होतो. मी म्हणालो, "मला माहीत आहे, सुगंधाबाई. माझ्या आईच्या वेळी मामा घेऊन आले होते." त्यावर तुम्ही म्हणालात, "तुमाले माहीत हाय, मले पाह्यजे हाय. दोघात फरक हाय, वकीलसाहेब."

मी वकील नाही, हे मी तुम्हाला अगदी पहिल्या भेटीपासून सांगत आलो. ती भेट बाजाराच्या दिवशीची. तुम्ही टेबलाशी आलात आणि बाकावर बसलेली मंडळी एकेक करून उठू लागली. तुम्ही त्यांना म्हणालात, "उठू नका जी, मी काई चावत नाही," आणि मोकळ्या झालेल्या बाकावर ऐसपैस बसून मला म्हणालात, "वकीलसाहेब, बाईचा कागद बनवाचा हाय."

"मी अर्जनवीस आहे," मी म्हणालो. "वकील नव्हे."

"मंग तं बरंच झालं. वकील लय फिरवतात."

"कोणत्या बाईचा कागद?"

"आता तुमच्या म्होरं कोन बसेल हाय?"

मी मान वर करून तुमच्याकडे नीट पाहिले ते तेव्हा. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु कायद्याचे वाचन मी स्वतःच्या बळावर केलेले आहे, आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा काय सांगतो हे त्या फाटकाबाहेर बसणाऱ्यांपैकी मला एकट्याला ठाऊक होते. मी तुम्हाला त्यातील तरतुदी सांगितल्या. तुम्ही हनुवटीला हात लावून ऐकत होतात. शेवटी विचारलेत, "म्हंजे मी बाई हाओ, हे सरकारले आधीच माहीत होतं?" मी होय म्हणालो. "मंग गावालेच कोनी सांगतलं नाही," तुम्ही म्हणालात.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून तुमचे प्रमाणपत्र आले त्या दिवशी ते तुम्ही माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलेत. नाव, सुगंधा. लिंग, स्त्री. मी एकदा वाचले, तर तुम्ही म्हणालात, तिकडल्या चहावाल्याले ऐकू नाही गेलं. मी पुन्हा वाचले. शेजारी बसणारा मुद्रांकविक्रेता मला म्हणाला, "काय हो, आता हिजड्याईचे वकील झाले काय तुमी?" मी त्याला समर्पक उत्तर देण्यासाठी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तुम्हीच त्याच्याकडे वळलात. "तुमच्या नातवाच्या बारशाले आमीच आलतो ना नाचाले? पायना हलवून देल्ला, मिठाचं पानी ओवाळून टाकलं. तवा बरे चाललो आमी. पोट्टं बरं हाय ना आता?" तो गृहस्थ खाली मान घालून मुद्रांक मोजू लागला. थोड्या वेळाने त्याने तुमच्यासाठी चहा सांगितला, हेही मी नमूद केले पाहिजे.

त्यानंतर तुम्ही एकेकीला घेऊन येऊ लागलात. तुमची चेली पायल आली, इंझोरीची, जी बोलताना सतत रस्त्याकडे पाहायची, कोणी ओळखीचे दिसते का म्हणून. मानोऱ्याकडच्या दोघी आल्या. माझे टेबल म्हणजे तुम्हा लोकांची हक्काची जागा झाली. माझी काही नेहमीची माणसे त्यामुळे दुसरीकडे गेली, ती जावोत. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला बसा म्हणणारे ठिकाण तालुक्यात एक तरी असावे, आणि ते माझ्या टेबलाशी आहे, याचा मला अभिमान वाटू लागला होता. तो अभिमान तुम्ही मला दिलात. आज तो कोठे ठेवावा हे कळत नाही.

कार्यक्रमावरून आपले जे भांडण झाले ते मी विसरलेलो नाही. वाशिमच्या महाविद्यालयातील समाजकार्याची मुले तुमच्याकडे आली होती. जगभर तृतीयपंथीयांच्या दृश्यतेचा एक दिवस पाळतात, तो आपण मालेगावात पाळू आणि तुमचा सत्कार करू, असे त्यांचे म्हणणे होते. तुम्ही मला विचारलेत, "दृश्यता म्हंजे?"

"लोकांना दिसणे," मी सांगितले.

"दिसतोच ना बापा आमी. दुरूनच दिसतो. लोकाईनं जवळून पायलं पाह्यजे." आणि म्हणून तुम्हाला तो कार्यक्रम आठवडी बाजारात हवा होता, कांद्याच्या आणि मिरचीच्या दुकानांच्या मध्ये. मी म्हणालो, सत्कार हा हॉलमध्ये होतो. व्यासपीठ लागते, माइक लागतो, अध्यक्ष लागतो. तुम्ही म्हणालात, "हालात कोन येईन? जो पयलेच राजी हाय तो. नाराजीवाला तं भाजी घ्याले येते." मी बधलो नाही. मुलांनाही माझे पटले. हॉल ठरला आणि अध्यक्षस्थान माझ्याकडे आले.

तुम्ही एकच अट घातलीत, की मेडशीला तुमच्या भावाला, नामदेवला, निमंत्रण गेले पाहिजे. मी ते माझ्या उत्तम भाषेत लिहिले, खाली शिक्का मारला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले, कारण पोच हातात असल्याशिवाय मी कोणताही कागद पाठवत नाही. ते पाकीट परत आले. त्यावर पोस्टमनचा शेरा होता, घेण्यास नकार. नंतर समजले की रजिस्टर पाकीट आले म्हणताच नामदेव मागच्या दाराने वावरात निघून गेला होता. मेडशीत काय किंवा आपल्या कोणत्याही गावात काय, रजिस्टर म्हणजे कोर्टाची नोटीस आणि नोटीस म्हणजे वावराची वाटणी. ते हातात घेतले की लागू झाले, असा लोकांचा पक्का समज. त्याला वाटले, कागदावर बाई झालेल्या भावाने आता हिस्सा मागितला.

तुम्ही ते पाकीट हातात घेऊन इतक्या हसलात की पायलने तुम्हाला पाणी दिले. "भावाले बोलवाले रजिस्टर लागते का हो, वकीलसाहेब? मांगच्या दारानं पळाला म्हंते." मी म्हणालो, पोच नसेल तर निमंत्रण दिल्याचा पुरावा काय? या मुद्द्यावर आपले एकमत झाले नाही ते नाहीच. मी अजूनही म्हणतो की पुरावा असावा. तुम्ही तिथे हसतच असाल.

हॉलमध्ये तुमच्या म्हणण्याप्रमाणेच झाले. जे राजी होते तेच आले. भाषणे चांगली झाली, माझेही झाले. शाल-श्रीफळ मिळताच तुम्ही माइकवर एवढेच बोललात की "आता बाजार उठाच्या आंदी चला," आणि शाल पांघरून, नारळ काखेत धरून तुम्ही निघालात. मागून पायल, त्या दोघी, महाविद्यालयाची मुले, आणि अध्यक्ष या नात्याने मीही. तुम्ही वांग्याचा भाव केलात. मिरची तिखट नाही म्हणून परत टाकलीत. कोणी हसले, कोणी मोबाइलवर छायाचित्र काढले. आणि तुम्ही बांगड्यांच्या दुकानाशी थांबलात. ती कासारीण तुम्हाला आजवर बांगड्या कागदात बांधून दुरून द्यायची, हे मला पायलने सांगितले होते. त्या दिवशी तिने तुमच्या खांद्यावरची शाल पाहिली, कसली म्हणून विचारले, आणि "बस इथी," म्हणून तुमचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. "हाड लय रुंद हाय वं तुहं," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "रुंद हाय तं काय फोडून घेतो आता?" दोघी हसत होतात. मी तुम्हाला पुष्कळदा हसताना पाहिले आहे, परंतु ते हसणे वेगळे होते. त्यात कोणाला उत्तर द्यायचे नव्हते.

माझा हॉल चुकीचा होता, असे मी तेव्हा म्हणालो नाही. अध्यक्षीय भाषणाचा परिणाम बाजारावर झाला, असे काहीतरी म्हणालो. तुम्ही ते मान्य केलेत. तुमचा स्वभाव मोठा होता.

त्या बांगड्यांनी तुम्हाला धीर आला आणि तेच वाईट झाले. कासारणीने हात धरला, तर भाऊ का धरणार नाही, असा तुम्ही हिशेब मांडलात. आपण दोघे एसटीने मेडशीला गेलो. तुम्ही घरी जायचे नाही म्हणालात. फाट्यावरच्या हॉटेलातून निरोप पाठवला. नामदेव मोटारसायकलवर आला, खांद्यावर दुपट्टा, हाताला सोयाबीनच्या फवारणीचा वास. त्याने आपल्या दोघांना चहा सांगितला. तुम्हाला जुन्या नावाने हाक मारली. ते नाव मी येथे लिहिणार नाही.

"तब्येत बरी दिसत नाही तुही," तो म्हणाला. खरे होते. तुमचे डोळे तेव्हाच पिवळे दिसू लागले होते.

"म्हनूनच आली बापा. बोलाले उशीर नको." तुम्ही चहा बाजूला सारलात. "नामदेव, मले काई नाही पाह्यजे. मी मेली का एक लुगडं आनजो. आनि तुह्या हातानं घालजो. बस."

नामदेव माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमी कागदावाले माणूस. माह्या नावावर जे वावर हाय त्यातलं अर्धं लिहून घ्या. आज घ्या. मी सही करतो."

"वावर कोन मागतलं?" तुम्ही म्हणालात.

"नाही मागतलं, पन घे. वावर देल्लं तं दोघांत राह्यते. लुगडं चार लोकात द्या लागते." तो दुपट्ट्याला हात पुसू लागला. "पोरीची सोयरिक चालू हाय. पाहुने विचारतात, भाऊ किती? मी सांगतो, एक होता, पुन्याकडं गेला. लुगडं आनलं तं काय सांगू? बहीन कुठून आली म्हनतीन."

"सांग, होतीच म्हनून."

"होती तं आमाले काहून नाही दिसली, म्हनतीन."

तुम्ही उठलात. जाता जाता त्याच्या दुपट्ट्याला लागलेले गवत झटकलेत आणि म्हणालात, "पोरीचं लगन चांगलं होईन. मी नाही येत." तो मोटारसायकलशेजारी उभाच होता, एसटी सुटेपर्यंत.

येताना एसटीत आपले शेवटचे मोठे भांडण झाले. मी म्हणालो, इच्छापत्र करू. त्यात स्पष्ट लिहू की अंत्यविधी स्त्री म्हणून व्हावा, साक्षीदारांच्या सह्या घेऊ, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना माहितीसाठी देऊ. मग कोणाची हिंमत आहे ते पाहू. तुम्ही खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे पाहत म्हणालात, "कलेक्टरनं द्याले लावलेलं लुगडं माहेरचं कसं होईन, वकीलसाहेब?"

"परंतु हक्क तर राहील."

"हक्क राहीन. भाऊ नाही राहीन."

मी मालेगाव येईपर्यंत बोलत राहिलो. तुम्ही ऐकत होतात की झोपल्या होतात, कळले नाही. तो कागद आपण केला नाही. केला असता तर मेडशीच्या स्मशानात माझ्या हातात काहीतरी असते, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. तुमचेही कायम असेल. ते आता कोण मिटवणार?

अकोल्याच्या दवाखान्यात तुमचा जीव गेला. देह रक्ताच्या नातेवाइकाला मिळतो, आणि नामदेव आला. तो आला, ही गोष्ट मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पुष्कळांचे कोणी येत नाही. निरोप मिळून मी आणि पायल अकोल्याला पोहोचलो तेव्हा तो तुम्हाला घेऊन मेडशीच्या वाटेला लागलेला होता. पायल अकोल्याच्या बाजारात धावत गेली आणि हिरवे लुगडे घेऊन आली. आम्ही पोहोचलो तेव्हा तुम्ही स्मशानात होतात, मी वर लिहिले आहे तशा. हातात बांगडी नव्हती.

पायल पुढे झाली. एका म्हाताऱ्याने तिला काठी आडवी केली. मारायला नव्हे, थांबवायला. "बाई, हे तुमी आनलं. माहेरचं कुठी हाय?" तो रीत बरोबर सांगत होता. पायलने लुगडे नामदेवपुढे धरले. फक्त हात लावा आणि घाला, एवढेच ती म्हणत होती. तो म्हणाला, "माह्या दारातून माहा भाऊ निंगाला. बाई आमच्या घरात जलमलीच नाही."

मी पुढे जाऊन कायद्याचा उल्लेख केला. कलमही सांगितले. माझा आवाज चांगला आहे, सर्वांना ऐकू गेला असेल. लाकडे रचणाऱ्यांपैकी एक जण शांतपणे म्हणाला, "साहेब, लाकडं रचून झाले. कलम उद्या सांगजा."

आणि मग नामदेव रडू लागला. खांद्यावर मडके घेऊन फिरताना त्याला पाऊल टाकता येईना, दोघांनी धरले. त्या रडण्यात खोटेपणा नव्हता. तो खोटा रडला असता तर मला राग धरता आला असता, आणि रागाच्या आधाराने मी परत आलो असतो. तो तुमच्यावर माया करत होता, सुगंधाबाई. त्याने तुम्हाला मायेने धोतर नेसवले. यापुढे कोणत्या कचेरीत जावे, हे मला सुचत नाही.

तुमचा दहावाही अजून व्हायचा आहे. मी रोज टेबल लावतो. बाजाराच्या दिवशी कासारणीने मला हाक मारून विचारले, "ते बाई आली नाही?" मी सांगितले. ती म्हणाली, "रुंद हाड होतं," आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा हात धरला. तालुक्यात तुमच्या मागे दोन शब्द कोणी बोलले असेल तर ते एवढेच. तुम्ही म्हणायचात, एकीला पाहिले की दुसरीला वाट सापडते. मी हे वाक्य भाषणात घेतले होते, टाळ्या पडल्या होत्या. खरेच, तुमच्याकडे पाहूनच त्या आल्या. त्यांनी तुमचा शेवटही पाहिला.

काल पायल आली. पँट आणि शर्ट घातलेला, केस कापलेले. मी ओळखले नाही, बसा म्हणालो. ती बाकावर टोकाला बसली.

"साहेब, माहा कागद मांगं फिरवता येते का?"

"कोणता?"

"बाईचा."

मी म्हणालो, अशी तरतूद माझ्या वाचनात नाही. मग म्हणालो, पायल, इतक्या कष्टाने मिळवलेला कागद आहे, थोडे थांब, दुःखात असा निर्णय घेऊ नये. आणखीही पुष्कळ चांगले बोललो. तिने मला मध्येच तोडले नाही. बोलून झाल्यावर म्हणाली, "सुगंधामाय एवढी मोठी होती. तिले नाही भेटलं. मले कोन देईन? इंझोरीले माही माय हाय. धोतर तं धोतर, तिच्या दारातून तं नेतीन."

मी कोरा कागद घेतला. विषय लिहिला, विनंती लिहिली, आणि तिला विचारले, कारणाच्या जागी काय लिहू?

"लिवा, घरी जाचं हाय."

मी तसेच लिहिले. अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिने पेन हातात घेतले आणि विचारले, "सही कोन्त्या नावानं करू?"

तुम्ही असतात तर हे विचारायला ती तुमच्याकडे आली असती. ती माझ्याकडे आली होती, आणि मी कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून दुसरीकडे पाहत बसलो.